वीज न जाणारी खोली

बाळांनो,

तुम्ही दोघांनी मला चार घरांचे फोटो पाठवलेत आणि खाली लिहिलंत, "आजी, तू निवड." तुम्ही सुट्टीत येणार, मग आपण सगळे गाडीने डोंगरात जाणार, असं तुमच्या आईने ठरवलं आहे. एका घराच्या अंगणात झोका आहे, एकाची गॅलरी दरीवर काढलेली आहे, उरलेली दोनही देखणी आहेत. मी उत्तर दिलं नाही. तुमच्या आईने फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे. पण मागच्या वेळी आम्ही डोंगरात गेलो तेव्हा राहायची जागा कशी निवडली गेली, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला या चारांतून एकावर बोट ठेवता येईना. तेव्हा तुम्हाला फोनवर एवढंच कळवलं होतं की आजोबांना प्रवासात त्रास झाला. तुम्ही लहान होता आणि लांब होता. आता तुम्ही जागा शोधण्याएवढे मोठे झालात, तर बाकीचंही ऐकून घ्या.

साथीत आजोबा वाचले, पण त्यांची फुफ्फुसं वाचली नाहीत. ती हळूहळू चामड्यासारखी घट्ट होत जातात, असं कलबुर्गीच्या डॉक्टरांनी मला समजावलं. घरी एक यंत्र आलं. गाडीत पायांशी ठेवायच्या लहान सूटकेसएवढं, चाकं असलेलं. ते खोलीतली हवा ओढतं, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीतून नाकाशी सोडतं. त्याला सतत वीज लागते. वीज गेली तर घरी इन्व्हर्टर होता, त्याची मोठी बॅटरी मी खास त्यासाठी घेतली होती. त्याशिवाय एक लहान सिलिंडर असे. तो आंघोळीला जाताना, दवाखान्यात जाताना. भालकीच्या आमच्या घरात एवढी व्यवस्था होती आणि ती चोख चालली होती.

आजोबा भूगोलाचे मास्तर. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मुलांना सह्याद्री शिकवला, फळ्यावर घाटमाथा काढला, लाव्हाचे थर रंगीत खडूंनी दाखवले. आणि स्वतः कधी सह्याद्री पाहिला नाही. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या पिढीत असंच होतं. सुट्टी लागली की कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी पेरणी, कुणाचं बाळंतपण. दुबलगुंडीला माझं माहेर, हुमनाबादला त्यांची बहीण, फार तर सोलापूर. सपाट काळ्या रानातून सपाट काळ्या रानात.

एके दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, "मला एकदा घाट बघायचाय."

मी म्हटलं, "बरे झाल्यावर जाऊ."

"बरा व्हायलो न्हाई मी, तुला ठाऊक हाय," ते म्हणाले. घरात ते पुस्तकी बोलत; खरं काही बोलायचं असलं की गावचं बोलत.

डॉक्टर आधी नकोच म्हणाले. मग आजोबांच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, जायचंच असेल तर दोन दिवस जा, आणि जिथे वीज जाणार नाही अशाच जागी उतरा. बाकी कशी का असेना. त्यांनी मला बाहेर बोलावून तेच परत सांगितलं. म्हणजे आमच्यासाठी राहायची जागा निवडणं म्हणजे काय होतं ते कळलं ना? झोका आणि गॅलरी नाही. वीज असली तर श्वास, नसली तर सिलिंडर संपेपर्यंत.

मी दोन आठवडे फोन करत होते. माझी पद्धत तुमच्या आईला माहीत आहे, ती चिडवते त्यावरून. जनरेटर आहे का. तो खोलीतल्या प्लगला जोडलेला आहे की नुसत्या जिन्यातल्या दिव्यांना. खोली तळमजल्यावर आहे का. गाडी दाराशी येते का. दवाखाना किती लांब. हे सगळं मी इंग्रजीतून विचारत असे. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, आणि माझा अनुभव असा की इंग्रजीत विचारलं की समोरचा माणूस सरळ उत्तर देतो. आहे तर आहे, नाही तर नाही. आपल्या बोलीत विचारलं की तो आधी तुमचं मन सांभाळतो.

बऱ्याच ठिकाणी नाही म्हणाले. एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही फिरायला येताय की तपासणीला?" शेवटी डोंगरावरच्या बाजारपेठेत एक हॉटेल सापडलं. मोठा जनरेटर, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. तळमजला. दवाखाना त्याच रस्त्याला. खिडकी मात्र बसस्टँडच्या भिंतीकडे. मी ते ठरवलं आणि पैसे भरून टाकले.

गाडी चालवायला तुमच्या आजोबांचा पुतण्या आला. त्याचं खताचं दुकान, काकांवर जीव, आणि तोंड अखंड चालू. सोलापुरात पहिला मुक्काम केला तो हायवेवरच्या, जनरेटर असलेल्या लॉजवर, आणि तोही चोरून, कारण सोलापुरात आजोबांचे मामेभाऊ राहतात आणि गावात नातलग असताना लॉजवर उतरणं म्हणजे आमच्याकडे भांडणच. पुतण्या म्हणाला, "काकू, गाडी भिंतीआड लावतो. त्यांनी नंबर बघितला तर नळीसकट उचलून नेतील काकाला." आजोबा इतके हसले की त्यांना धाप लागली आणि मला प्राणवायूचं बटण वाढवावं लागलं. सकाळी तिथेच सिलिंडर भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाईच्या पुढे घाट लागला. मी आजोबांकडेच पाहत होते, त्यामुळे घाटाचं मी तुम्हाला फारसं सांगू शकणार नाही. ते काचेला नाक लावून बसले होते. वळणावळणावर म्हणत, "थर बघ. थर बघ." सिलिंडरचा काटा खाली येत होता, तेही मी बघत होते.

हॉटेल मी फोनवर ऐकलं होतं तसंच निघालं. स्वच्छ, कुरूप, पक्कं. काउंटरवरच्या माणसाने बाहेर गाडीचा कर्नाटकचा नंबर पाहिला आणि हिंदीत बोलायला लागला. आजोबांनी मराठीत उत्तर दिलं. त्याने परत हिंदीतच विचारलं. आजोबा म्हणाले, "मराठीत बोला की हो." तेव्हा तो हसून म्हणाला, "अरे वा. कर्नाटकातले असून मराठी छान बोलता तुम्ही."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कौतुकच करत होता. पण आजोबांचा चेहरा मी पाहिला. बाळांनो, तुम्हाला हे कसं समजावू? इकडे कर्नाटकात सरकारी ऑफिसात गेलं की आम्ही मराठीवाले. तिकडे महाराष्ट्रात गेलं की आम्ही कर्नाटकवाले. आजोबांनी मराठी शाळेत मराठीतून जन्मभर शिकवलं, आणि ते ज्या डोंगरांबद्दल शिकवत होते त्या डोंगरावर पाय ठेवल्याबरोबर त्यांना पाहुण्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते नळी सावरत बाहेर जाऊन गाडीशी उभे राहिले. मी खोलीत यंत्र लावायला गेले.

परत आले तर आजोबांसमोर एक माणूस उभा होता. चाळिशीचा, अंगात स्वेटर, कपाळाला विभूती. नंबर पाहून आपणहून आला होता.

"व्हय सर, म्या खटकचिंचोळीचा," तो सांगत होता. "तुमी भालकीत कुठं?"

पुढे काय झालं ते आपल्याकडच्या कुणालाही सांगायची गरज नाही, तुम्हाला सांगते. दोघांनी गल्ली विचारली, मामा विचारले, मामाचे व्याही विचारले. चहा येईपर्यंत तो आमच्या हुमनाबादच्या नणंदेच्या जावेचा भाचा निघाला. पुतण्या म्हणाला, "आणि थोडं उकरलं तर सख्खा भाऊ निघतोय बघा." तो माणूस इथे बरीच वर्षं होता. आधी स्वयंपाकी, आता डोंगराच्या कडेला एक बंगला भाड्याने घेऊन पाहुणे ठेवत होता.

"हितं बाजारात कामून उतरलाव सर? भिंत बघायला आलाव का? माझ्याकडं चला. खिडकी उघडली की समदा डोंगर आत येतंय."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलासारखं नाही, उलट. घरातल्या कर्त्या माणसाने पाहावं तसं.

मी विचारलं, "जनरेटर आहे का?"

"हाय की काकू."

"खोलीतल्या प्लगला जोडलेला?"

"समदं हाय. तुमी कशाला काळजी करायलाव? आपलंच घर हाय ते."

मी आजोबांना बाजूला घेऊन म्हटलं, इथली व्यवस्था मी पक्की करून घेतली आहे, तिथली मला ठाऊक नाही. पैसेही परत मिळणार नाहीत. ते म्हणाले, "दोन दिवस मला माझ्या भाषेत कुणी जेव म्हणलं तर बरं वाटंल." आणि मग थोडं थांबून, कारण एका दमात त्यांना एवढं बोलता येत नसे, "आनि डोंगर दिसंल."

आम्ही गेलो. बंगला खरोखर कडेला होता. अरुंद रस्ता, मग उतार, मग दार. मागे पत्र्याची खोली होती, तिला कुलूप. मी त्याला म्हटलं, जनरेटर दाखवा. तो म्हणाला, "उघडतो की, आधी चहा घ्या." आजोबा म्हणाले, "मास्तरीणबाई, बास आता. पाहुणी हायस तू." अंधारून आलं होतं. यंत्र लागलं, सुरू झालं, बोटाला लावायच्या मीटरवर आकडा ठीक दिसला. जेवायला त्याच्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी केली होती. तिने आजोबांच्या ताटात भाकरी कुस्करून दिली, वर दूध घातलं, आणि म्हणाली, "जेवा अप्पा." त्या महिन्यात ते एवढे कधी जेवले नव्हते.

सकाळचं सांगते, कारण ती सकाळ चांगली होती.

तो म्हणाला होता ते खोटं नव्हतं. खिडकी उघडली आणि समोर डोंगर होता, पायऱ्या पायऱ्यांचा, आजोबा फळ्यावर काढत तसाच. ते पुतण्याला आणि मला शिकवायला लागले. हा एक लाव्हा, हा त्याच्या वरचा, मध्ये माती आहे तेवढा काळ सगळं शांत होतं. मग म्हणाले, मला अंगणात न्या. नळी लांब केली, खुर्ची नेली. अंगणाच्या कडेला तांबडा, भोकाभोकांचा दगड उघडा पडला होता. आजोबांनी वाकून त्यावर हात ठेवला आणि बघतच राहिले.

"हा तर बिदरचा दगड," ते म्हणाले. "किल्ल्याचा. तोच हाय हा. जांभा."

"काका, मग एवढं लांब कशाला आणलाव?" पुतण्या म्हणाला. "बिदरलाच दाखवलं असतं, डिझेल वाचलं असतं."

आजोबा दगडावरचा हात काढेनात. त्यांना पुस्तकातून ते माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. "म्हणजे आपुन बाहेरचे न्हाई," ते म्हणाले. हे ते दगडाबद्दल म्हणाले की काउंटरवरच्या माणसाबद्दल, मी विचारलं नाही. आम्ही त्यांना आत आणलं आणि थोड्या वेळाने यंत्राची शिट्टी वाजली. वीज गेली होती.

मी घाबरले नाही. जनरेटर आहे, असं मला सांगितलेलं होतं. सिलिंडर लावला आणि त्या माणसाला हाक मारली.

तो म्हणाला, "आज लाइट न्हाई काकू. आठवड्यातून एक दिस बंद ठेवतेत दुरुस्तीला. चार-पाचला येती." हे त्याला कालही ठाऊक होतं.

"मग जनरेटर लावा."

"आणायलेत."

"कुठून आणायलेत?"

जनरेटर त्याच्या मेहुण्याकडे होता. मेहुण्याचं मांडवाचं काम. लग्नसराईत तो तिकडे नेतो. कालच संध्याकाळी त्याने मेहुण्याला फोन करून सकाळी आणून दे म्हणून सांगितलं होतं. मेहुणा हो म्हणाला होता. इन्व्हर्टर होता, पण दिव्यापंख्यांपुरता. आमचं यंत्र लावल्याबरोबर तो बंद पडला. तो माणूस दर थोड्या वेळाने फोन करायचा आणि येऊन सांगायचा, "निघालाय." मग, "वळणावर आलाय." मग, "आलाच."

मी म्हटलं, आपण बाजारातल्या हॉटेलात जाऊ. आपली खोली दुसऱ्याला दिली असली तरी काउंटरशी बसू, प्लग देतील. आजोबा म्हणाले, "थांब. आणायलेत म्हणतोय न्हाई का. आपुन उठून गेलो तर त्याला काय वाटंल?" मी पुतण्याकडे पाहिलं. तोही म्हणाला, "येतोय म्हणायलाय काकू." आम्ही तिघेही त्याच मातीतले. समोरचा माणूस धडपडतोय हे दिसत असताना त्याच्या दारातून उठून जाणं आमच्याने होईना. सिलिंडरचा काटा खाली येत होता. कालच्या प्रवासात तो अर्धा वापरला होता.

शेवटी पुतण्याच म्हणाला, मी गाडी घेऊन जातो आणि जनरेटर घालून आणतो. तो आणि तो माणूस गेले. मला वाटलं, आता हालचाल झाली. पण गाडी गेली, आणि आम्ही दोघं बंगल्यात उरलो. सलग सुट्ट्या होत्या, खालचा अरुंद रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. पुतण्याचा फोन आला, अडकलोय. मग त्याचा फोनही लागेना. अँब्युलन्स बोलावली तरी ती त्याच रस्त्याने येणार होती. मी सिलिंडर कमी केला, म्हणजे जास्त वेळ पुरेल. आजोबांचे ओठ जांभळे व्हायला लागले तेव्हा परत वाढवला. मीटरवरचा आकडा मी त्यांना दिसू दिला नाही. त्या बाईने गरम पाणी आणलं, आजोबांचे तळपाय चोळले, आणि खाली मान घालून रडत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं.

आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, "दमलात का?" त्यांनी मान हलवली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "त्याला. रागावू. नको."

गाडी आली ती जनरेटरशिवाय. तो मांडवात बिघडून पडला होता, सकाळपासून. मेहुण्यालाही नाही म्हणता आलं नव्हतं.

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. आजोबांना गाडीत घातलं. वरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी ताबडतोब एक सिलिंडर बदलून दिला आणि सांगितलं, इथे थांबू नका, खाली न्या. घाट उतरताना दोन्ही बाजूंना तोच डोंगर होता. आजोबांचे डोळे मिटलेले होते. पुतण्या हॉर्न वाजवत, शिव्या देत, रडत गाडी चालवत होता. तो माणूस पुढे बसला होता. कुणी त्याला ये म्हणालं नव्हतं. गाडी अडली की तो उतरून पुढच्या गाड्या हाताने बाजूला करत पळत जायचा.

खालच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा आजोबा जिवंत होते. त्यांना आत नेलं आणि काचेचं दार लागलं.

बाहेर बाकावर तो माणूस माझ्यापासून लांब बसला. मी त्याला जवळ बोलावलं. मी तेव्हा ओरडले नाही, माझा आवाज तसा चढत नाही. मी त्याला विचारलं, "मी काल तुला सरळ विचारलं होतं. तेव्हाच 'नाही' का म्हणाला नाहीस? आम्ही तिथेच राहिलो असतो."

तो म्हणाला, "काकू, तुमी गावाकडून आलता. दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणू?"

आमच्या घरात कुणी आलं आणि साखर संपलेली असली, तरी "चहा टाकते" म्हणायचं आणि मागच्या दाराने शेजारी वाटी पाठवायची, हे मी स्वतः केलं आहे, माझ्या सासूने केलं, तुमच्या आईलाही मी तेच शिकवलं. "नाही" हा शब्द दारात आलेल्याला ऐकवायचा नसतो. वाटी शेजारून येते. नेहमी येते. त्या दिवशी आली नाही. त्याचा जेवढा राग यायला हवा होता तेवढा मला आला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आजोबा त्या दवाखान्यात पुष्कळ दिवस होते. मग अँब्युलन्सने कलबुर्गीला आणलं. त्यानंतर ते पलंगावरून उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे जाणारच होता, पण त्या एका दिवसाने तो फार पुढे गेला. किती पुढे, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. उन्हाळा लागता लागता आजोबा गेले. शेवटचे दिवस तोंडावर मास्क असे, बोलणं जवळजवळ बंद. तुमच्या आईशी ते व्हिडिओवर नुसतं हात हलवून बोलत, ते तुम्हाला आठवत असेल. ते तुमच्याशी असे रुसल्यासारखे का वागतात, असं धाकट्याने तेव्हा विचारलं होतं. ते रुसले नव्हते. श्वास पुरत नव्हता.

एकदा मास्क काढलेला असताना मी त्यांना म्हटलं, "बाजारातलं हॉटेल बरोबर होतं." ते म्हणाले, "व्हय." थोड्या वेळाने म्हणाले, "पर भिंत हुती." आमचं यावर कधी एकमत झालं नाही. मी आजही म्हणते की भिंत चालली असती. डोंगर घाट चढताना दिसला होता, दुसऱ्या दिवशी गाडीतून पुन्हा दाखवला असता, आणि कदाचित आणखी एक पावसाळा ते घरी खुर्चीत बसले असते. ते असते तर आजही नाही म्हणाले असते. भांडण तिथेच अडकून पडलं आहे, कारण एक बाजू बोलायला उरली नाही.

तो माणूस तेराव्याला आला. डोंगरावरून एवढ्या लांब, बस बदलत. दारातच बसला. जेवायला वाढलं तर हात जोडून म्हणाला, नको. आमच्याकडे पाहुणा नको म्हणत नाही, तेही पंगतीत. सगळे बघायला लागले. पुतण्या उठून आत गेला, तो त्याच्याशी आजही बोलत नाही. मी त्या माणसापुढे ताट ठेवलं आणि म्हटलं, "जेव." एवढंच. त्याला माफ केलं असं मी म्हणाले नाही, कारण मला ते नक्की ठाऊक नाही. तो जेवला आणि गेला.

तर आता तुमची चार घरं.

मी काल चारही ठिकाणी फोन केले. इंग्रजीतून. दरीवरच्या गॅलरीचं घर ज्यांचं आहे, त्या बाईंनी सांगितलं की वीज गेली तर त्यांच्याकडे काही सोय नाही आणि रस्ता पावसात बंद होतो. स्पष्ट सांगितलं. मला त्या आवडल्या, पण घर नको. झोक्याच्या घरवाल्याने प्रत्येक प्रश्नाला "सगळं आहे" म्हटलं. तेही नको, झोका दुसरीकडे शोधू. उरलेल्या दोनांतलं खालचं, गावाला लागून असलेलं घर मी निवडलं आहे. खिडकीतून अर्धाच डोंगर दिसतो, तसं त्यांनी आपणहून सांगितलं. तुम्ही धडधाकट आहात, तुम्हाला कुठलंही यंत्र लागत नाही, तुमची आई म्हणेल की मी उगाच भीती घालते. म्हणू दे. तुम्ही निवड माझ्यावर सोपवलीत, मी केली. उरलेला अर्धा डोंगर आपण बाहेर जाऊन पाहू.

आणि इकडे आता सगळे कसे आहेत, असं तुम्ही विचाराल म्हणून सांगते. आजोबा नाहीत. मी आहे, गुडघे दुखतात पण चालता येतं. पुतण्याचं दुकान चालू आहे. आजोबांची शाळाही चालू आहे. मराठीच्या वर्गांत मुलं दरवर्षी कमी होतात, पण वर्ग आहेत, आणि भूगोल अजून मराठीतून शिकवतात.